रोप सुकलंय? पाणी सोडण्याआधी त्याची नळी बघा

दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि आमच्या काळ्या रानातल्या तुरीत मधोमध सात-आठ झाडांनी माना टाकल्या होत्या. ढेकूळ फोडून बघितलं तर आत चांगली ओल. तरीही नाना, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, "पाणी सोड, फुलोऱ्यातली तूर आहे." विहिरीला पाणी होतं, सोडलं. आठ दिवसांनी पुन्हा सोडलं. तोवर सात-आठाची तीस-चाळीस झाडं झाली होती. शेवटी शेजारच्या रानातल्या आत्या बांध ओलांडून आल्या. त्यांनी एक झाड मुळासकट उपटलं, विळ्यानं बुडापासून उभं चिरलं आणि अर्धी फाक माझ्या हातात दिली. पांढऱ्या लाकडात काळपट रेघा वर चढत गेल्या होत्या, शिसपेन्सिलीनं ओढल्यासारख्या. "हिची नळीच बुजलीय बाबा," आत्या म्हणाल्या, "खालून कितीबी वत, वर चढायचं कसं?"

त्या दिवसापासून सुकलेलं रोप दिसलं की मी आधी विळा घेतो, मोटरीचं बटण नंतर. आपल्या मराठवाड्यात पाण्याची एक पाळी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून पाणी वाया जाऊ नये आणि रोपाचं खरं दुखणंही कळावं यासाठी मी कसा बघत जातो ते क्रमानं लिहितोय. आधी निरोगी रोपाची नळी ओळखायला शिका. आजारी नळी मग आपोआप डोळ्यात भरते.

पाण्याची नळी नेमकी कुठे असते

पोकळ नळी म्हटलं की आपल्याला पपईच्या पानाचा देठ आठवतो, एरंडाचा देठ, गव्हाचं काड, बांबू. लहानपणी पपईच्या देठाच्या पुंग्या सगळ्यांनीच वाजवल्यात. पण ताजा देठ कापून आत बोट घाला. आत पाणी नसतं, हवा असते. त्या मोठ्या पोकळीतून झाड पाणी नेत नाही. पोकळीमुळे देठ हलका राहतो आणि वाऱ्यात सहजी मोडत नाही, एवढंच तिचं काम. पाणी जातं ते तिच्या भिंतीतल्या बारीक नळ्यांतून आणि त्या साध्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत.

तरी त्या नळ्या तुम्ही हजार वेळा तोंडात घेतल्या आहेत. ऊस चावताना रस निघून गेल्यावर चोथ्यात जे दोरे उरतात, दातात अडकतात, ते म्हणजे या नळ्यांचे जुडगे. ज्वारीचा गोड धांडा सोलून खाल्ला तरी तेच दोरे. नळी तयार होताना एकावर एक पेशी रचल्या जातात, त्यांच्या मधल्या भिंती विरतात, बाजूच्या भिंती लाकडासारख्या कडक होतात आणि मग आतली पेशी मरते. मेल्यावरच ती पाणी वाहायला मोकळी होते. झाडाच्या लाकडात उभी असलेली ही सगळी पाइपलाइन निर्जीव आहे, आणि म्हणूनच ती एकदा बुजली की झाडाला ती आतून साफ करता येत नाही, बाजूला नवी घालावी लागते.

आता रंगाचा प्रयोग करा. घरात मुलं असतील तर त्यांना सोबत घ्या. लागतं ते एवढंच: दोन काचेचे ग्लास, लाल शाई किंवा मिठाईत घालतात तो रंग, धारदार ब्लेड, जमलं तर एक भिंग. तेरड्याचं कोवळं रोप उत्तम, कारण त्याचं खोड जवळजवळ पारदर्शक असतं. तेरडा नसेल तर पांढऱ्या निशिगंधाचा दांडा किंवा तुरीची कोवळी फांदी चालते.

दांडा बादलीतल्या पाण्यात बुडवून, पाण्याखालीच तिरका कापा. हवेत कापू नका, त्याचं कारण पुढे येईलच. कापलेलं टोक ओलं असतानाच गडद रंगाच्या पाण्यात ठेवा. ग्लास उजेडात आणि वाऱ्यावर ठेवायचा. दुसरा तसाच दांडा त्याची सगळी पानं काढून दुसऱ्या ग्लासात ठेवा. तास-दोन तासांत पानं असलेल्या तेरड्याच्या खोडात लाल रेघा वर सरकताना दिसतात, पानांच्या शिरा रंगतात. पानं काढलेल्या दांड्यात रंग फारच थोडा चढतो. हा फरक नीट बघून ठेवा, सगळ्या विषयाचं मर्म तिथेच आहे.

मग रंगलेला दांडा आडवा कापा, कागदासारखी पातळ चकती काढा आणि उजेडाकडे धरा. तूर, कापूस, तेरडा यांच्यात लाल ठिपके गोल कड्यात मांडलेले दिसतात. ज्वारी, मका, ऊस यांच्यात ते सगळीकडे विखुरलेले असतात. सालीत मात्र रंग नसतो. पाणी वर जातं ते लाकडातून. सालीतून पानांनी बनवलेलं अन्न खाली मुळांकडे उतरतं. खात्री करायची असेल तर बांधावरच्या सुबाभळीच्या एका फांदीची बोटभर रुंद साल गोल काढून टाका, आतल्या लाकडाला धक्का न लावता. वरची पानं कित्येक दिवस टवटवीत राहतात. हे लक्षात ठेवा, मोसंबीच्या वेळी कामी येईल.

पाणी वर चढतं कुणाच्या जोरावर

बारीक नळीत पाणी आपोआप थोडं चढतं, कारण ते काचेला, लाकडाला, धाग्याला धरून राहतं. दिव्याची वात तेल ओढते तीही याच गुणानं. पण किती चढतं? १ मिलिमीटर जाडीच्या पोकळीत साधारण ३ सेंटिमीटर. नळी १० पट बारीक केली, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, तर ३० सेंटिमीटर. पिकांच्या मोठ्या नळ्या साधारण एवढ्याच बारीक असतात. म्हणजे या एकट्या गुणावर पाणी पुरुषभर उंचीच्या मालदांडी ज्वारीच्या कणसापर्यंतही पोचणार नाही, चिंचेच्या शेंड्याचं तर नावच नको.

वरून खेचलं तर? विहिरीवर मोटर बसवणाऱ्या कुणालाही विचारा. वर काठावर ठेवलेली मोटर ६-७ मीटरच्या खालचं पाणी नीट उचलत नाही, म्हणून पाणी खोल गेलं की मोटर विहिरीत टप्प्यावर उतरवावी लागते. हिशेबानं पाहिलं तरी नुसत्या खेचण्यानं पाणी १० मीटरच्या पुढे येत नाही, कारण त्याला खालून ढकलणारा हवेचा दाब तेवढाच आहे. आणि तरी १५-२० मीटरची चिंच कुठल्याही मोटरीशिवाय शेंड्यापर्यंत ओली असते.

याचा उलगडा १८९४ च्या सुमारास डब्लिनमधल्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली या दोघांनी मांडला. पानाच्या बारीक छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. एक कण गेला की त्याच्या मागचा कण पुढे ओढला जातो, कारण पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. मुळापासून पानापर्यंत पाण्याची ही अखंड साखळी ताणलेल्या दोरीसारखी उभी असते आणि तिला ऊन-वारा वरून ओढत असतो. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी शेकडा ९५ हून जास्त असं हवेतच जातं. पानं काढलेल्या दांड्यात रंग का चढला नाही ते आता कळलं असेल.

हे डोळ्यांनी बघायचं तर कडुनिंबाच्या पानांनी भरलेल्या एका फांदीवर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी चढवा, तोंड दोऱ्यानं घट्ट बांधा आणि दुपारच्या उन्हात तास-दीड तास ठेवा. आतून थेंब ओघळून तळाशी पाणी जमतं. बघून झालं की पिशवी लगेच काढा, आतली पानं उन्हानं शिजतात.

रात्री हवा थंड, दमट असते तेव्हा मुळं खालून थोडा दाबही देतात. पहाटे ज्वारीच्या किंवा गव्हाच्या कोवळ्या पात्याच्या अगदी टोकाला एकच टपोरा थेंब असतो, तो दवाचा नव्हे. दव सगळ्या पात्यावर बारीक पसरतं. टोकाचा थेंब पात्याच्या आतून आलेला असतो. अळूच्या पानाच्या टोकालाही तो दिसतो. माझ्यासाठी हा थेंब म्हणजे मुळं, नळी आणि ओल तिन्ही ठीक असल्याची खूण. पेरणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मी पहाटे मुद्दाम ओणवा होऊन तो शोधतो.

ताणलेल्या दोरीला एकच भीती, ती तुटण्याची. हवेचा एक बुडबुडा आत शिरला की त्या नळीतली साखळी तुटते. ठिबक वापरणारे याला "लाइननं हवा धरली" म्हणतात. घरी करून बघा: स्टुलावर पाण्याची बादली, खाली दुसरी रिकामी. सलाइनची कोरी नळी पाण्यानं पूर्ण भरून एक टोक वरच्या बादलीत, दुसरं खाली सोडा. पाणी बादलीच्या काठावर चढून खाली वाहू लागतं. आता नळीच्या सगळ्यात वरच्या वळणावर सुईनं छिद्र पाडा. पाणी बाहेर उडत नाही; हवा आत शिरते आणि धार तुटते. मलिक अंबरनं १७व्या शतकाच्या सुरुवातीला खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, डोंगरातून नहर आणली. तिच्या वाटेवर मनोरे बांधले आहेत, ते कोंडलेली हवा बाहेर जावी आणि दाब आवरावा म्हणून. तिथल्या पाणचक्कीवर गेलात तर भिंतीवरून कोसळणारी धार तर बघाच, पण ते पाणी डोंगरातल्या झऱ्यापासून मातीच्या नळांतून तिथवर कसं चढून आलं असेल याचाही विचार करा.

झाडाकडे मनोरे नाहीत. नळीला नळी जोडणाऱ्या बारीक खिडक्या आहेत, त्यांच्यातून पाणी जातं पण बुडबुडा सहसा पलीकडे जात नाही. म्हणून एक नळी गेली तरी शेजारची चालू राहते. मोठी नळी पाणी भरपूर नेते, तिची जाडी दुप्पट झाली तर त्याच ताणावर सोळापट. पण कडक दुष्काळात बहुधा आधी हवा धरते तीच. बारीक नळ्यांचं लाकूड असलेली झाडं हळू वाढतात आणि उन्हाळा काढतात. फुलं विकणाऱ्यांनी निशिगंध, ग्लॅडिओलसचे दांडे पाण्याखाली कापावेत ते याच कारणानं: हवेत कापला की ताणलेलं पाणी आत ओढलं जातं आणि मागून हवा शिरते.

सुकलेलं रोप: तपासायचा क्रम

दुपारी निर्णय घेऊ नका. भर उन्हात पान पाणी उडवतं जास्त आणि मूळ ते पुरवतं कमी, त्यामुळे चांगल्या रोपाचीही पानं दुपारी लुळी पडतात आणि सांजेला सावरतात. खरी वेळ पहाटेची, सूर्य उगवायच्या आत. रात्रभर विसावा मिळूनही पानं लोंबलेलीच असतील तर पुढे जा.

मग माती. वीतभर खोल खुरप्यानं उकरा, मूठभर माती दाबा. गोळा होत नसेल, भुरभुरत असेल, भेगा पडल्या असतील तर तहानच आहे. पाणी द्या, विषय संपला. पण भारी काळ्या जमिनीत एक फसगत होते. चिकणमातीच्या सूक्ष्म पोकळ्या पाणी इतकं घट्ट धरतात की हाताला गारवा लागतो आणि मुळाला ते सुटत नाही. म्हणून नुसत्या स्पर्शावर जाऊ नका, गोळा करून बघा. बरड, मुरमाड रानात हा घोटाळा होत नाही, तिथे ओल असली की ती मिळते.

ओल आहे आणि रोप सुकतंय, तर आता दूर उभं राहून सुकलेली झाडं कशी पसरली आहेत ते बघा. एका ठिकाणाहून गोल वाढणारा ठिपका दिसला तर जमिनीतला रोग. पाणी साचणाऱ्या खोलगट जागेतच असतील तर मुळं गुदमरली आहेत. विखुरलेली एकेकटी असतील तर बहुतेक हुमणी, वाळवी किंवा खोडात शिरलेली कीड.

यानंतर एक झाड, पूर्ण वाळलेलं नको, नुकतं मान टाकलेलं, मुळासकट खोदून काढा. उपटताना बारीक मुळं रानातच राहतात, म्हणून खोदा. मुळं धुवून बघा. कुरतडलेली? गाठी आलेल्या? साल हातात सुटून येते? मग खोड बुडापासून हातभर उभं चिरा. शेजारचं निरोगी झाडही तसंच चिरून बाजूला ठेवा. दोन्ही फाका शेजारी ठेवल्याशिवाय रंग कळत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

तुरीच्या लाकडात काळ्या-तपकिरी रेघा असतील, बुडाकडून वर जाणारा जांभळट पट्टा सालीवर दिसत असेल, तर ती मर. जमिनीतली एक बुरशी मुळातून नळीत शिरते, तिचे धागे आणि झाडानं तिला अडवायला सोडलेला डिंकासारखा पदार्थ मिळून नळी बुजते. रोपाच्या पायाशी पाणी असतं आणि शेंडा तहानेनं मरतो. ते झाड वाचत नाही. पाणी सोडू नका, वाहत्या पाण्याबरोबर रोग पुढच्या सरीत जातो. आमच्या रानात झालं ते हेच असावं. झाडं मुळासकट काढून जाळा, त्या रानात पुढची काही वर्षं तूर घेऊ नका. पुढच्या वेळी बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळा, ज्वारीबरोबर आंतरपीक घ्या, त्यानं मर कमी राहते, आणि वाण मर सोसणारा निवडा. आपल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३, बीडीएन ७११ हे वाण त्यासाठीच नावाजलेले आहेत.

कपाशीचं वेगळं. लांब उघडीप, मग एकदम जोराचा पाऊस किंवा भरपूर पाणी, वर कडक ऊन, आणि बोंडांनी लदलेली झाडं काही तासांत माना टाकतात. खोड चिरलं तर लाकूड पांढरंशुभ्र. ही आकस्मिक मर, इथे बुरशी नाही. मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरल्यानं मुळांना हवा मिळत नाही आणि ती पाणी ओढायचं थांबवतात. इथे पहिला उपाय चर काढून साचलेलं पाणी बाहेर घालवणं, त्याच दिवशी. नंतर युरिया आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या द्रावणाची बुडाशी आळवणी करतात. प्रमाण परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या त्या हंगामाच्या सल्ल्यातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून घ्या. वेळेत हालचाल केली तर यातली बरीच झाडं सावरतात. तुरीची मर समजून उपटून टाकली तर हातचं पीक गेलं.

आलं, टोमॅटो, वांगं यांना ग्लासाची परीक्षा लावा. कन्नड-खुलताबादकडच्या आल्याच्या शेतकऱ्यांनी तर ही शिकूनच घ्यावी. सुकत चाललेल्या खोडाचा बोटभर तुकडा कापा, स्वच्छ ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, तुकडा वरून दोऱ्यानं असा टांगा की कापलेलं टोक जेमतेम पाण्यात बुडेल. ग्लास हलवू नका. मागे काळं कापड धरा. पाच-दहा मिनिटांत टोकातून दुधाळ, धुरासारखी बारीक धार खाली उतरली तर नळीत जिवाणू आहेत. बुरशीच्या मरीत अशी धार येत नाही. जिवाणूंची मर निघाली तर त्या वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नका, विळा-खुरपं धुवून निर्जंतुक करा, आणि त्या प्लॉटमधलं बेणं पुढच्या वर्षी वापरायचं नाही, दिसायला कितीही चांगलं असलं तरी.

मोसंबीचं झाड असं झटक्यात सुकत नाही. पानं पिवळी पडतात, वर्ष-दोन वर्षं ओढतात, बुंध्याशी डिंक ओघळलेला असतो. सुबाभळीची साल काढून बघितली होती ना, तेच इथे बुरशी करते. लाकडातली नळी चालू असते म्हणून पानं ओली दिसतात, पण सालीतून खाली जाणारं अन्न तुटल्यानं मुळं उपाशी मरतात, आणि मुळं गेल्यावर पाणीही तुटतं. कुजलेली साल खरवडून काढा, तिथे बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करा आणि पाणी बाहेरच्या आळ्यातच द्या. कलमाचा डोळा जमिनीच्या बराच वर राहील असं झाड लावलेलं असलं की निम्मं काम आधीच झालेलं असतं.

मातीतल्या नळ्या

रोपाच्या नळीत पाणी येतं मातीतल्या नळ्यांतून. कणांमधल्या बारीक पोकळ्या एकमेकांना जोडून मातीतही वातीसारखी वाट तयार होते, खालची ओल त्या वाटेनं वर येते आणि उन्हात उडून जाते. कोळपं फिरवलं की वरच्या दोन-तीन बोटांतली ही वाट मोडते, सुटी माती पांघरुणासारखी बसते आणि खालची ओल खालीच राहते. कोरडवाहू रब्बी ज्वारीला तीन कोळपण्या सांगितल्या आहेत त्या यासाठी. पहिली पेरणीनंतर ३ आठवड्यांनी फटीच्या कोळप्यानं, दुसरी ५ आठवड्यांनी पासेच्या कोळप्यानं. तिसरी ८ आठवड्यांनी, तोवर काळी जमीन तडकायला लागलेली असते आणि भेगांतून ओल उडत असते, मुळंही तुटत असतात. त्या वेळी दातेरी कोळपं घ्या आणि भेगा मातीनं बुजतील असं सावकाश चालवा. नवी भेग पडली की पुन्हा चालवा.